मोजमापाविना आलेले बिल

मा. संपादक यांस,

सविनय नमस्कार.

पावसाळ्यापूर्वी घरातील गळती कशी ओळखावी आणि कोणती दुरुस्ती आधी हाती घ्यावी, याविषयी आपल्या दैनिकाच्या पुरवणीत नुकताच आलेला लेख उपयुक्त होता. मात्र त्यातील ‘विश्वासू कारागिराकडूनच काम करून घ्यावे’ या वाक्यापाशी मी थबकलो, कारण हा विश्वास नेमका कशाच्या आधारावर ठेवायचा, हे कोडे गेले दोन महिने मला सुटलेले नाही. माझ्या घरच्या न्हाणीघराच्या दुरुस्तीचे ४२,००० रुपयांना ठरलेले काम १,१८,५९० रुपयांच्या बिलावर जाऊन कसे पोहोचले, याची हकीकत थोडी विस्ताराने लिहीत आहे. ठेकेदाराचे नाव मी जाणूनबुजून देत नाही. वाद अजून मिटलेला नाही, आणि जो माणूस इथे आपली बाजू मांडायला हजर नाही त्याला नावानिशी वर्तमानपत्रात उभे करणे मला योग्य वाटत नाही.

आधी एक कबुली द्यायला हवी. मी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या लेखाशाखेतून निवृत्त झालो आहे आणि माझी सारी नोकरी इतरांची बिले तपासण्यात गेली. ज्या बाबीची मोजमाप पुस्तकात नोंद नाही, तिचा एक रुपयाही द्यायचा नाही, हा नियम तिथे नवख्या कारकुनालासुद्धा पाठ असतो. संख्या, लांबी, रुंदी, उंची हे चार रकाने भरल्याशिवाय बिल टेबलावरून पुढे सरकत नसे. असा मी, माझ्याच घरी, वहीचे एक पान न उघडता फसलो. ओळखीतले लोक हसतात, आणि त्यांचे हसणे रास्त आहे.

आमची इमारत १९९१ सालची, सिंहगड रस्त्याच्या बाजूची, चार मजल्यांची. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या आणि त्यांच्या न्हाणीघराच्या छताला ओल येऊन रंगाचे पोपडे पडू लागल्याचे त्यांनी दाखवले. त्यांच्याकडे मे महिन्यात मुलाचे लग्न होते. सोसायटीच्या सचिवांनी उपविधींवर बोट ठेवले : गच्ची गळत असेल तर खर्च सोसायटीचा, पण घरातल्या न्हाणीघर, शौचालय किंवा सिंकमधून पाणी झिरपत असेल तर दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची. यात वाद घालण्यासारखे काही नव्हते आणि मी घातलाही नाही. खालच्या घरी लग्न आणि वरून टपकणारे पाणी, या घाईत मी एकाच ठेकेदाराला बोलावले. तीन ठिकाणचे दर मागवायचे असतात हे मला ठाऊक होते, आणि ती पहिली चूक माझी.

ते आले, फरशी ठोकून पाहिली, बादलीभर पाणी ओतून खालच्या घरी जाऊन आले आणि निदान केले की नहाणी ट्रॅपचा, म्हणजे न्हाणीघराचे पाणी जमिनीखालच्या नळीत सोडणाऱ्या भांड्याचा, सांधा सुटला आहे. (अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतही हे नाव ‘नहाणी ट्रॅप’ असेच छापलेले असते. एवढ्या विलायती सामानात आपली नहाणी तेवढी टिकून आहे, याची मला नेहमी गंमत वाटते.) निदान बरोबर होते, हे नंतर सिद्धही झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी व्हॉट्सॲपवर संदेश पाठवला, तो जसाच्या तसा देतो : ‘बाथरूम जमीन फोडणे, भिंतीला १ फूट वर घेणे, ट्रॅप बदलणे, वॉटरप्रूफिंग, टाईल्स बसवणे (टाईल्स तुमच्या), राडारोडा टाकणे, लेबर मटेरियल सगळं धरून ४२,००० होतील. ७ दिवस. ५ वर्षं गॅरंटी.’ मी ‘ठीक आहे’ असे उत्तर दिले आणि २०,००० रुपये आगाऊ पाठवले. करार झाला तो एवढाच, आणि माझ्या मते तो पुरेसा स्पष्ट होता. ‘सगळं धरून’ या दोन शब्दांचा मराठीत दुसरा अर्थ निघत नाही.

काम सुरू झाले. जमीन फुटली, जुना कोबा निघाला, ट्रॅपभोवतीचे सिमेंट हाताने चुरगळावे इतके भुसभुशीत झालेले दिसले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बँकेत रांगेत असताना ठेकेदाराचा फोन आला : ‘काका, भिंतसुद्धा ओली आहे, वॉटरप्रूफिंग आणखी वर घ्यावं लागेल, आणि गरम पाण्याच्या लाइनला पण गंज आहे, ती बदलून टाकू का?’ मी म्हणालो, ‘जे योग्य ते करा.’ मग त्यांनी आणखी १५,००० रुपये मागितले आणि ते मी तिथूनच पाठवले. आज ज्यावर सारा वाद उभा आहे ते माझे चार शब्द हेच. किती वर, किती चौरस फूट, काय दराने, एकूण किती वाढ, यातले काहीही मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

मी का विचारले नाही, याचा नंतर बराच विचार केला. रंगकाम पसंत पडले नाही तर अर्ध्यावर थांबवता येते, कपाट महाग वाटले तर सुताराला नको म्हणता येते, पण एकदा फोडलेले न्हाणीघर थांबवता येत नाही. घरात एकच न्हाणीघर, पत्नीचे गुडघ्याचे दुखणे, आंघोळीला शेजारी जावे लागते, संडासाचे भांडे काढून व्हरांड्यात ठेवलेले आणि खाली लग्नाचा मांडव घालायचा आहे. अशा वेळी दुसरा कोणी ठेकेदार अर्धवट काम हाती घेत नाही, कारण पहिल्याच्या कामाची हमी तो देणार नाही. म्हणजे भाव करण्याची ताकद पहिला हातोडा पडेपर्यंतच ग्राहकाकडे असते, आणि त्यानंतर ती पूर्णपणे दुसऱ्या बाजूला जाते. वाढीव कामाचा प्रश्न नेमका त्यानंतरच निघतो, कारण भिंतीच्या आत काय आहे ते फोडल्याशिवाय दिसत नाही. यात ठेकेदाराचा दोष नाही. दोष आहे तो त्या क्षणी आकडा न सांगण्यात, आणि मी म्हणेन, न विचारण्यातही.

काम सातऐवजी नऊ दिवस चालले. दोन दिवस पाणी भरून ठेवून खालच्या घरी पाहिले, एक थेंबही आला नाही. काम चांगले झाले आहे, हे मी ठेकेदाराला सांगितले होते आणि इथेही नोंदवतो. दहाव्या दिवशी बिल आले. लेटरहेडच्या एका पानावर पाच ओळी होत्या : मूळ काम ४२,०००, वाढीव वॉटरप्रूफिंग ३१० चौरस फूट, दर ९५ रुपये मालासह, २९,४५०, जादा प्लंबिंग १४,५००, केमिकल व इतर माल ९,८००, राडारोडा उचलणे ४,७५०. बेरीज १,००,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी १८,०९०. एकूण १,१८,५९०. जमा ३५,०००, बाकी ८३,५९०. बेरीज मात्र अचूक होती.

३१० हा आकडा पाहून मला प्रथम वाटले की वाचण्यात चूक होते आहे. आमचे न्हाणीघर आतून सात फूट बाय पाच फूट आहे. म्हणजे जमीन ३५ चौरस फूट. चारी भिंतींची मिळून लांबी २४ फूट, त्यातून अडीच फुटांचे दार वजा केले की साडेएकवीस. पस्तीस चौरस फुटांच्या खोलीत ३१० चौरस फूट वाढीव वॉटरप्रूफिंग कुठे मावले असेल? मी त्यांना विचारले, तेव्हा ‘साईटवर मोजलं आहे काका’ एवढेच उत्तर मिळाले. मग रात्री कागद घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात कोडे सुटले. जमीन ३५. भिंती २४ फूट गुणिले पाच फूट उंची, म्हणजे १२०. दोन्ही मिळून १५५. आणि केमिकलचे हात दोन दिले, म्हणून त्याची दुप्पट : ३१०.

या एका आकड्यात किती गोष्टी दडलेल्या आहेत ते पाहा. जमीन आणि भिंतीचा पहिला एक फूट मूळ ४२,००० मध्ये आधीच धरलेला होता, तो इथे पुन्हा आला. दाराच्या अडीच फुटांवर, जिथे भिंतच नाही, तिथेही वॉटरप्रूफिंग झाले. उंची पाच फूट लावली, पण काम चालू असताना पत्नीने मुलीला पाठवायला काढलेल्या छायाचित्रात जुन्या टाईल्सच्या ओळी स्पष्ट मोजता येतात आणि फोडकाम चार फुटांवर थांबलेले दिसते. आणि सर्वांत मोठी मेख म्हणजे हात. बांधकामाची मोजमापे कशी घ्यावीत यासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे आणि सरकारी कामाची मोजणी त्याच धर्तीवर होते. तिथे पृष्ठभागाचे क्षेत्र एकदाच मोजले जाते. किती हात द्यायचे ते कामाच्या वर्णनात लिहिलेले असते आणि दर त्या सगळ्यांचा मिळून असतो. दोन हातांची भिंत दोनदा मोजायची म्हटली, तर घराला रंग देणाऱ्याने प्रायमर, पुट्टी आणि रंगाचे दोन हात मिळून एकाच भिंतीच्या चार भिंती कराव्यात. माझ्या हिशेबाने वाढीव क्षेत्र साडेएकवीस फूट गुणिले तीन फूट, म्हणजे ६४.५ चौरस फूट. त्यांचाच ९५ रुपयांचा दर मान्य केला, तर त्याचे ६,१२७ रुपये ५० पैसे होतात. बिलात आहेत २९,४५०.

प्लंबिंगचे थोडक्यात सांगतो. ट्रॅप मूळ कामात होता, त्यामुळे जादा काम म्हणजे गरम पाण्याची भिंतीतली सुमारे नऊ फुटांची लाइन, तिचे सांधे आणि दोन कोपरे. हार्डवेअरच्या तीन दुकानांत जाऊन मी हे सामान विचारले. तिन्हीकडचे आकडे २,३०० रुपयांच्या आत होते. प्लंबर दीड दिवस होता, त्याची मजुरी मी ३,००० धरली. ठेकेदाराचा दर याहून थोडा जास्त असू शकतो, हे मला मान्य आहे. पण ५,३०० आणि १४,५०० यांमधले अंतर ‘थोडे’ या शब्दात बसत नाही.

‘केमिकल व इतर माल ९,८००’ ही ओळ मला सर्वांत अधिक खटकली, कारण तिला उत्तरच नाही. मूळ कामाचा माल ‘सगळं धरून’ मध्ये आला, वाढीव वॉटरप्रूफिंगचा ९५ रुपयांच्या दरात आला (त्यांनी स्वतःच ‘मालासह’ लिहिले आहे), प्लंबिंगचा प्लंबिंगमध्ये आला. मग हा चौथा माल कोणता? जिन्याखाली राहिलेले केमिकलचे दोन रिकामे डबे मी उचलून ठेवले आहेत. त्यांवर छापलेल्या कमाल किरकोळ किमतींची बेरीज ३,६४० रुपये होते. राडारोडा टाकण्याचेही संदेशात आधीच लिहिलेले होते. तरी भिंतीचा वाढीव भाग फोडला, गोण्या वाढल्या, म्हणून त्याचे १,००० रुपये मी स्वतःहून धरले. त्या गोण्या रात्री टेम्पोतून कुठे गेल्या हे मी विचारले नाही. मुठेच्या पात्रात जे ढीग दिसतात त्यांत माझ्याही घरच्या टाईल्स असतील, ही शंका मनात आहे आणि ती या हिशेबाबाहेरची आहे.

जीएसटीच्या ओळीबद्दल मात्र शंकेला जागा नाही. नोंदणीकृत व्यावसायिकाच्या करबिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो आणि तो खरा आहे की नाही हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. माझ्या बिलावर असा क्रमांक नव्हता. आपल्या राज्यात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा त्याला नोंदणी करावी लागत नाही, पण मग त्याला ग्राहकाकडून कर घेताही येत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ३२ हे स्पष्टपणे सांगते. कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सवलत) असलेल्या व्यावसायिकालाही ग्राहकाच्या बिलात कर लावता येत नाही. मी क्रमांक मागितला, तेव्हा उत्तर आले, ‘कॅश देणार असाल तर जीएसटी काढून टाकतो.’ जो कर रोख पैशांनी नाहीसा होतो, तो सरकारजमा होणार नव्हता हे समजायला लेखाशाखेत नोकरी केलेली असावी लागत नाही.

माझा हिशेब असा झाला : मूळ ४२,०००, वाढीव वॉटरप्रूफिंग ६,१२७.५०, प्लंबिंग ५,३००, राडारोडा १,०००, मिळून ५४,४२७ रुपये ५० पैसे. मी तो वरच्या बाजूला पूर्ण करून ५५,००० केला, ३५,००० दिलेले होते म्हणून उरलेले २०,००० एकरकमी देऊ केले आणि हा सर्व तपशील दोन पानांवर लिहून स्पीड पोस्टाने पाठवला. वाद आता ६३,५९० रुपयांचा आहे.

ठेकेदाराचे म्हणणेही सांगणे न्यायाचे होईल. लहान कामाला मोठ्या कामाचा दर परवडत नाही, पस्तीस चौरस फुटांसाठीही गवंडी पूर्ण दिवस अडकतो, दोन मजले गोण्या वाहाव्या लागतात, सोसायटीवाले दुपारी एक ते चार ठोकाठोक करू देत नाहीत, सिमेंट आणि वाळू महाग झाली आहे, आणि पाच वर्षांच्या हमीची जोखीम त्यांची आहे. हे सगळे खरे आहे. म्हणूनच बांधकाम विभागाची दरसूची पुढे करून मी त्यांच्याशी भांडलो नाही. ती मोठ्या कामांसाठी असते आणि एका न्हाणीघराला ती लावणे अन्याय ठरेल. त्यांनी सुरुवातीलाच ६०,००० सांगितले असते, तर मी कदाचित कुरकुरत होकार दिला असता. पण ही सारी कारणे दर ठरवताना सांगायची असतात. ठरलेल्या दराने केलेली भिंत नंतर दुप्पट मोजण्यासाठी ती वापरता येत नाहीत.

‘तुम्हीच तर म्हणालात, योग्य ते करा,’ हा त्यांचा मुख्य मुद्दा, आणि तो मी झटकून टाकत नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ चे कलम ७० त्यांच्या बाजूने काही सांगते. कोणी दुसऱ्यासाठी एखादे काम कायदेशीरपणे आणि फुकट करण्याचा हेतू न ठेवता केले, आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. वाढीव भिंतीचा लाभ मी रोज सकाळी घेतो आहे, तेव्हा तिचे पैसे मी देणे लागतो. पण दर ठरलेला नसताना द्यायचा तो वाजवी मोबदला. बिल लिहिणाऱ्याच्या मनात येईल तो आकडा द्यावा, असे त्या कलमात कुठे नाही. मी होकार दिला तो कामाला. किंमत मला सांगितलीच नव्हती, तर तिला होकार देणार कसा? मेडिकलच्या दुकानात ‘जे योग्य ते द्या’ म्हणणारा माणूससुद्धा पाकिटावरची किंमत पाहून पैसे देतो.

दरम्यान फोन सुरू झाले, आधी दिवसातून एक, मग चार. एका संध्याकाळी दोन तरुण दारात येऊन ‘साहेबांनी पाठवलंय’ म्हणून पाऊण तास उभे राहिले. काही बोलले नाहीत, वागणूकही सभ्य होती, पण जिन्यातून जाणारा प्रत्येक माणूस आमच्या दाराकडे पाहत होता. आमच्यासारख्या माणसांकडून पैसे वसूल होतात ते पुष्कळदा अशा पाऊण तासांत. हिशेब पटला म्हणून कोणी देत नाही, चारचौघांत शोभा नको म्हणून देतात. त्या रात्री पत्नीही म्हणाली, ‘देऊन टाका आणि मोकळे व्हा.’ मी मोकळा झालो नाही, याचे श्रेय निर्भयतेला न देता जुन्या सवयीला द्यावे. न जुळणाऱ्या बिलावर सही करताना माझा हात आजही अडखळतो.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्या माहितीसाठी काही गोष्टी नमूद करतो. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही ‘सेवा’ आहे आणि दिलेल्या सेवेचे बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. निकाल लवकर लागेल अशी आशा कोणी बाळगू नये, पण व्हॉट्सॲपचा तो संदेश आणि चालू कामाची छायाचित्रे मात्र जपून ठेवावीत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ याच पुण्यात उभी केली. त्या शहरातला, बिले तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस साध्या न्हाणीघराच्या बिलापुढे इतका एकटा पडतो, हे मला बोचले.

आणखी एक गोष्ट हिशेबात नाही, तरी लिहितो. काम करणारा गवंडी आणि त्याच्यासोबतचा बिगारी हे दोघेही मजूर अड्ड्यावरून आणलेले होते. चहा पिताना मी सहज विचारले, तेव्हा गवंड्याने ११०० आणि बिगाऱ्याने ७०० रुपये रोज असे सांगितले. नऊ दिवसांतले दोन दिवस पाणी भरून ठेवण्यात गेले, त्या दिवशी ते आले नाहीत. म्हणजे सात दिवसांचे दोघांचे मिळून १२,६०० रुपये. ज्यांच्या हातांनी भिंत फुटली आणि पुन्हा उभी राहिली त्यांना एक लाख अठरा हजारांतून एवढेच मिळाले. त्या गवंड्याला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची होती आणि त्यासाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार देत नाही, म्हणून ‘काका, तुम्ही सात दिवसांचा लिहून द्याल का?’ असे त्याने मला विचारले. मी लिहून दिला. त्याचा त्याला काही उपयोग झाला का, कोण जाणे. बिल वाढवून लावणाऱ्याविरुद्ध बोलताना ‘हे कारागीर लोक असेच’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा १२,६०० चा आकडाही लक्षात ठेवावा.

सरकारी कामात निविदेबाहेरची बाब निघाली तर तिला ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणतात. तिची गरज, परिमाण आणि दर लिहून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते. या पद्धतीचा गैरवापर कसा होतो हे मी जवळून पाहिले आहे, तरी तिच्यामागचे तत्त्व घरगुती कामालाही लागू पडावे असे वाटते. त्यासाठी स्टॅम्पपेपर नको की वकील नको. भिंत ओली निघाली तर ठेकेदाराने फोटो पाठवावा आणि खाली एक ओळ लिहावी : ‘वाढीव ६५ चौ. फूट, दर ९५, अंदाजे ६,२०० रुपये जादा, करू का?’ ग्राहकाने ‘करा’ म्हणावे किंवा ‘थांबा’ म्हणावे. मोजमाप दोघांनी मिळून, टाईल्स झाकल्या जाण्यापूर्वी घ्यावे, कारण त्यानंतर भिंतीत काय गेले ते सांगायला भिंतीशिवाय कोणी उरत नाही. सोसायट्या फोडकामाला परवानगी देताना दुपारच्या वेळा आणि अनामत रक्कम आवर्जून लिहून घेतात. त्याच अर्जाला दर आणि वाढीव कामाची अट असलेले एक पान जोडायला त्यांना काहीच खर्च येणार नाही. आमच्या सोसायटीत मी तसा प्रस्ताव दिला आहे. सचिव म्हणाले, पुढच्या सर्वसाधारण सभेत ठेवू. आपल्या दैनिकाने अशा एका पानाचा साधा मराठी नमुना छापला, तर पुरवणीतल्या त्या लेखाचा उपयोग दुप्पट होईल, आणि ही दुप्पट कोणालाही खटकणार नाही.

हे पत्र लिहीपर्यंत माझ्या दोन पानी हिशेबाला लेखी उत्तर आलेले नाही. फोन गेल्या आठवड्यापासून थांबले आहेत. परवा मात्र ठेकेदाराचा एक संदेश आला : ‘काका, ८०,००० वर मिटवून टाकू.’ हे ८०,००० कुठून आले, त्यांत भिंत किती फुटांची धरली आहे आणि कर गेला की राहिला, याचा उलगडा त्यातही नाही. मी उत्तर दिले आहे की येत्या रविवारी सकाळी दहा वाजता त्यांनी घरी यावे, फितीचे एक टोक त्यांनी धरावे आणि दुसरे मी धरीन, सोसायटीचे सचिव आकडे लिहून घेतील, आणि जे क्षेत्र निघेल त्याचे पैसे ९५ रुपयांच्या दराने तिथल्या तिथे चेकने मिळतील. चेकवर तारीख घालून ठेवली आहे, रक्कम तेवढी कोरी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखा कर्मचारी, पुणे
(नाव व पत्ता केवळ संपादकांच्या माहितीसाठी सोबत दिला आहे.)